मायनं बांधून ठेवाव

मारकी म्हणजे शिंगं रोखून अंगावर येणारी गाय. आमच्या वस्तीत हा शब्द गाईंपेक्षा माझ्यासाठीच जास्त वापरला जायचा. आठ वर्षांची होईपर्यंत मी एका मुलीचा दात पाडला होता, मावसभावाच्या कानाला कडकडून चावले होते आणि शाळेत पाटी फोडली होती, तीही एकीच्या डोक्यावर. राग आला की माझा हात आधी जायचा, समोर कोण आहे ते मग दिसायचं. खोटं कशाला सांगू, राग अजून तसाच येतो.

माय मला तुऱ्हाटीनं झोडपायची. तुरीची वाळलेली काडी ती, एक मोडली की दुसरी. चुलीत जेवढ्या गेल्या तेवढ्याच माझ्या पाठीवर मोडल्या असतील. मी घरात मार खायची आणि बाहेर जाऊन वाटून यायची. शेजारी राहणारी आत्या सुपारी कातरत मायला म्हणायची, "ह्या पोट्टीच्या हातून एक दिवस कोनाचा तरी जीव जाईन. लिहून ठेव."

दोघींनाही लिहिता येत नव्हतं. पण माय ते ऐकून माझ्या हातांकडे बघत राहायची. त्या बघण्याची मला माराहून जास्त भीती वाटायची.

पाटीच्या प्रकरणानंतर शाळेतल्या बाईंनी मायला बोलावलं. बाई पुण्याकडच्या, मेडशीला खोली घेऊन राहायच्या आणि एस.टी.नं आमच्या गावात यायच्या. मायला वाटलं, आता हिचं नाव शाळेतून काढणार. बाईंनी तिला खुर्ची दिली, स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मारणं बंद करा. तिनं हात आवरला की लगेच सांगा, मी पाहिलं म्हणून. आणि तिला मोकाट सोडू नका, मायेनं बांधून ठेवा." माय खुर्चीवर काही बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं पदराला तीन गाठी मारल्या, विसरायला नको म्हणून.

आता बाईंच्या बोलीत माया म्हणजे प्रेम. आमच्या घरात माय म्हणजे आई, आणि मायनं म्हणजे आईनं. घरी आल्यावर मायनं खुंटीवरचं गोऱ्ह्याचं जुनं दावं काढलं. एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या.

"हे काहून?" मी ओरडले.

"बाई म्हनल्या, मायनं बांधून ठेवाव. मंग मीच बांधीन ना, दुसरं कोन बांधीन?"

दुसऱ्याच दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि बाई आपल्या गावी गेल्या. जूनमध्ये परत आल्यावर त्यांना हा प्रकार कळला, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मला दाव्याची लाज वाटायची. पोट्टे मागे हंबरत यायचे. मात्र मायनं तुऱ्हाटीला पुन्हा हात लावला नाही, हेही खरं. दुपारी ती माझ्यासमोर बसायची, माझे चिंचोके हिसकावायची आणि विचारायची, "आता काय करशीन?"

"मारीन."

"पयले तोंडानं सांग."

"माहे चिंचोके दे, नाहीतर मारीन."

"मारीन नोको म्हनू. निस्तं दे म्हन." दहादा, वीसदा. मी नुसतं दे म्हटलं की ती चिंचोके परत द्यायची आणि म्हणायची, "पाह्यलं मी." त्या दोन शब्दांसाठी मी काहीही केलं असतं.

पण त्याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट कळली होती. मी दावं ओढलं की माय हलायची. भाकर थापताना, झाडताना, मी हिसका द्यायची आणि ती एवढी मोठी बाई झोकांडी खायची. मला गंमत वाटायची. तिच्या कमरेवर काळा वळ उठला होता. तो मी पाहिला होता आणि तरी ओढत होते.

आमच्या वस्तीच्या विहिरीला कठडा नव्हता. वैशाखात पाणी तळाला गेलेलं. माय काठावरच्या दगडावर उभी राहून बादली ओढत होती, मी दावं पुरेल तेवढी मागे. पाण्यासाठी बाया उभ्या होत्या, आत्याही होती. मी दात पाडलेली ती मुलगी आईसोबत येऊन मायच्या पुढे, काठाच्या वळणावर उभी होती. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मारकी. दाव्याची मारकी."

"मले मारकी म्हनू नोको," मी म्हणाले. तोंडानं, शिकवलं तसं.

माय पाठमोरीच म्हणाली, "पाह्यलं मी."

ती मुलगी हसली. पडलेल्या दाताची जागा दिसली. "मारकी!"

मी मायला मागे टाकून काठाकाठानं तिच्या अंगावर धावले. कमरेला दावं आहे, दाव्याच्या दुसऱ्या टोकाला माय आहे आणि मायच्या पुढे विहीर आहे, यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. हिसका बसला. तिचा तोल गेला, हनुवटी दगडावर आपटली, एक पाय आत लोंबकळला. बादली दोरासकट खाली गेली. आत्यानं झडप घालून मायचं लुगडं धरलं नसतं, तर तिचं बोलणं त्याच दिवशी खरं झालं असतं.

बायांनी मायला बाजूला बसवलं. हनुवटीतून रक्त गळत होतं. "काय झालं व?" कुणीतरी विचारलं.

"पाय घसरला," माय म्हणाली.

आत्यानं ताणलेलं दावं पाहिलं, मग मला पाहिलं.

"म्या वढलं," मी म्हणाले. "तिचा पाय नाही घसरला. म्या वढलं."

माय माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, पण या वेळी हातांकडे नाही, तोंडाकडे. मग तिनं दोन्ही गाठी सोडल्या, दाव्याला आणखी एक दोर जोडला, टोकाला बादली काढायचा गळ बांधला आणि पुन्हा काठाशी गेली.

"अव, त्या पोट्टीले पयले दूर कर!" आत्या किंचाळली.

"इकडं ये," माय मला म्हणाली. "मले धर."

ती विहिरीवर ओणवी झाली. मी तिचं लुगडं दोन्ही मुठींत धरलं. खाली गळ दगडांवर खडखडत होता. मागून ती मुलगी म्हणाली, "मारकी."

मला ऐकू आलं. मी लुगडं सोडलं नाही.