तारमामांनी ओढलेली केबल

तारमामांनी सारी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून केली. खांबाखांबावर चढून लोकांच्या घरी फोन पोचवले, पण सख्ख्या थोरल्या बहिणीशी त्यांना कधी फोनवर बोलता आलं नाही. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. दोघांची भाषा हातांची, लहानपणी घरातच घडलेली. ताई दूर लेकीकडे राहायला गेल्यापासून दोघं कॉम्प्युटरच्या पडद्यावर समोरासमोर बसून हातांनी गप्पा मारत. मामांच्या घरातले दोन्ही मोबाइल साधे, बटणांचे. सगळी भिस्त त्या जुन्या कॉम्प्युटरवर.

उद्या सकाळी ताईच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन होतं. मग कितीतरी आठवडे हात प्लॅस्टरमध्ये, म्हणजे बोलणंच बंद. आज संध्याकाळी भावाशी पोटभर बोलून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

आणि नेमका आजच कॉम्प्युटर रुसून बसला होता.

जुनी सिस्टिम फार रखडायला लागली म्हणून ताईच्या त्या लेकीने, म्हणजे भाचीने, लिनक्स या दुसऱ्या, हलक्या सिस्टिमचा पेन ड्राइव्ह पाठवला होता. मामांनी ते सकाळीच बसवलं. त्याच झपाट्यात कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीतून आतल्या खिडकीशी हलवला. बाहेरच्या पिवळ्या दिव्यात तुझी बोटं ओळखू येत नाहीत, ही ताईची जुनी तक्रार. राउटर मात्र बाहेरच राहिला. म्हणून मामांनी भिंतीच्या कडेने नवी लांब केबल ओढली, दोन्ही टोकांना स्वतःच्या हाताने प्लग बसवले. लिनक्स झकास सुरू झालं. इंटरनेट तेवढं येईना.

"मामा, नेटवर्क कार्ड दिसतंय का बघा," भाची फोनवर म्हणाली आणि तिने एक कमांड सांगितली. मामांनी ती एका बोटाने टाइप केली.

"दिसतंय की. नावगावासकट."

"म्हणजे लिनक्सने कार्ड ओळखलंय. आता दुसरी कमांड घ्या. शेवटच्या ओळी वाचा."

"लिंक अप. लिंक डाउन. लिंक अप. लिंक डाउन." मामांचा आवाज चढला. "अगं, हे तुझं लिनक्स आहे की झोपाळा?"

"लिनक्सचा दोष नाही तो. जोडणी लागून तुटतेय. केबल बघा."

"केबल? मी ओढलेली केबल? टेस्टर लावलाय मी, सगळे दिवे ओळीने लागले. पोरी, तू जन्मायच्या आधीपासून तारा जोडतोय मी!"

"हो ना," मामी दारातून म्हणाल्या, "आणि तेव्हापासून चूक कायम दुसऱ्याचीच निघतेय."

मामांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. कॉम्प्युटर उघडला, कार्ड काढून पुसलं, पुन्हा बसवलं. बंद करून चालू केला. झोपाळा तसाच. खिडकीतला उजेड उतरायला लागला तेव्हा भाचीचा पुन्हा फोन आला.

"मामा, आई कधीची पडद्यासमोर बसलीय. काय सांगू तिला?"

"काय म्हणतेय ती?"

"काहीच नाही. मनगट धरून बसलीय नुसती."

मामा ताडकन उठले. कॉम्प्युटर उचलून राउटरपाशी नेला आणि जुनी, दुकानातून आणलेली छोटी केबल लावली. इंटरनेट लगेच आलं. तेच लिनक्स, तेच कार्ड.

"मामा? आहात ना?"

"आहे." मामांनी घसा खाकरला. "केबलच गं. माझीच."

"प्लगमध्ये तारा कशा लावल्यात?"

"कशा म्हणजे? एकमेकींना पीळ दिलेल्या दोन-दोन तारांची जोडी, शेजारी-शेजारी. आमच्या खात्यात तसंच लावतात."

"तिथेच झालं! कॉम्प्युटर तिसरी आणि सहावी तार जोडीने वापरतो. तुमच्या प्लगमध्ये त्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या आहेत. टेस्टर फक्त तार अखंड आहे की नाही ते सांगतो, जोडी नाही बघत. छोट्या केबलला एखादवेळी खपून जातं, लांब केबलला नाही."

"इथूनच बोला की आता," मामी म्हणाल्या.

"या दिव्यात? तिला माझी बोटं दिसायला नकोत?" मामांनी पक्कड घेतली आणि स्वतःचेच प्लग कचाकच छाटले. भाची फोनवर एकेक रंग सांगत गेली आणि खात्यातल्या साहेबाचंही कधी ऐकलं नसेल इतक्या मुकाट्याने मामा त्या रंगाची तार बसवत गेले. मामींनी माळ्यावरचा मोठा पांढरा दिवा काढून अंधारलेल्या खिडकीशी लावून ठेवला.

कॉम्प्युटर पुन्हा खिडकीशी गेला आणि पडद्यावर ताई आली. इतका उशीर का, तिने हातांनी विचारलं.

माझी चूक, मामांनी हातांनी सांगितलं.

ताई पुढे वाकली. नीट दिसलं नाही, पुन्हा सांग.

मामांनी पुन्हा सांगितलं. ताई खांदे हलवून इतकी हसली की मागे उभी असलेली भाचीही हसायला लागली.

मग ताईने दुखरा उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्याने बोलू लागली. हळूहळू, अडखळत, बोबड्या पोरासारखं. सराव करतेय, ती म्हणाली. गप्प कोण बसणार?

मामांनी आपला उजवा हात मांडीखाली दाबला आणि डावा वर केला. त्यांना 'घाबरू नकोस' म्हणायचं होतं. बोटं भलतीकडेच वळली. ताईने मान हलवली, डाव्या हाताने तीच खूण सावकाश करून दाखवली आणि भावाला पुन्हा करायला लावली.