दुकानातली मावशी

माझी धाकटी जाऊ शिवणकामात एक नंबर, खोटं बोलण्यात अगदीच ढ. तरी एक खोटं तिनं चार वर्षं नेटानं चालवलं.

झालं असं, की एका नवरीच्या आईनं दुकानात जावेच्या मुलीला पाहिलं. पोर तेव्हा तेरा वर्षांची, समज पाच वर्षांच्या मुलीएवढी. "असं मूल झालेल्या बाईच्या हातचे कपडे लग्नात नकोत," म्हणून बाईनं कापड उचललं. मी तिला दारापर्यंत चांगलं सुनावलं. जाऊ मात्र दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवसापासून मुलगी तिची भाची झाली.

"बहिणीची आहे, सुट्टीला आलीय," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. चार वर्षांची सुट्टी! मास्तरांनीसुद्धा हेवा करावा.

गिऱ्हाईक आलं की 'मावशी' म्हणायचं, हे पोरीला शिकवायला सहा महिने आणि डबाभर बिस्किटं लागली. पण शिकली. ती कामाचीही पक्की. शिवून झालेल्या कपड्याचं प्रत्येक बटण ती दहादा लावून काढून बघते, तेव्हाच तो कपडा दुकानाबाहेर जातो.

परवा दुकान बंद होतं. आम्ही तिघीच जेवायला बसलो होतो. पोरगी म्हणाली, "मावशी, पाणी."

जावेचा घास हातातच राहिला. "आता कुणी नाहीये गं. आई म्हण."

"मावशी," ती हसून म्हणाली आणि बिस्किटासाठी हात पुढे केला.

"भोग आता आपल्या कर्माची फळं," माझ्या तोंडून निघून गेलं. माझ्या जिभेला हाड नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक बँकेतल्या बाई. माप घ्यायच्या आधीच जाऊ एका दमात म्हणाली, "ही माझी मुलगी आहे. भाची नाही. मी खोटं बोलत होते."

"अहो, ते सगळ्यांना माहीत आहे," बाई म्हणाल्या. "नाक बघा की, तुमचंच उचललंय!"

तेवढ्यात पोरीनं ओठांवर बोट ठेवून आईला दटावलं, "मावशी, गप्प! गिऱ्हाईक आलंय!"

आम्ही सगळ्या हसलो. हसता हसता जाऊ रडायलाच लागली.

"येईल गं तिला 'आई' म्हणायला," मी म्हटलं.

"येईल हो ताई," ती डोळे पुसत म्हणाली. "हे मीच शिकवलं ना तिला? आता तेही मीच शिकवीन."