हळद लागलेली फिगर

व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या जुन्या फिगर, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या मूर्ती, मी पारखून विकत घेतो. राजूरच्या कोळसा खाणीत कामाला असलेला तो माणूस हे ऐकूनच एका दुपारी यवतमाळला माझ्या दुकानात आला. धुतलेल्या हातांच्याही नखांच्या कडा काळ्याच होत्या. दुपट्ट्यात गुंडाळलेली वीतभर फिगर त्यानं दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवली, देव ठेवावा तशी.

मी तिच्या पायाच्या तळव्यावरचा कंपनीचा शिक्का पाहिला, सांधे हलवून बघितले. माल अस्सल होता, पण कपाळावर हळदीचा डाग मुरला होता.

"हा निघणार नाही. भाव पडेल," मी म्हणालो.

"इकाची नाही जी. पोराची हाये. पोरगा वारला तवापासून बायकोनं देवात ठेवली." त्यानं फिगरकडे बोट केलं. "हा खेळात कसा व्हता, तेवढं सांगा. चांगला व्हता ना?"

खेळात तो गावं जाळत सुटतो. लहान मुलांनाही सोडत नाही.

"चांगला होता," मी म्हणालो.

त्यानं दुपट्ट्याची गाठ पुन्हा बांधली.

"बरं झालं. माही बायको रोज त्याले हात जोडते. माह्या लेकराले सांभाळजो, म्हनते."