दोरीच्या दुसऱ्या टोकाचा गोरक्ष

तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी नाशिक-पेठ गाडीवर. खिडकीबाहेर बघत बसलेला माणूस खरंच डोंगर बघतोय की तिकीट चुकवतोय, हे मला त्याच्या मानेवरून कळायचं. त्यामुळे गोरक्ष पहिल्यांदा आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "मामा, रोशनीसंगं मी पळणार हाय. पैसे नकोत," तेव्हाच मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

रोशनी माझी भाची. एकोणीस वर्षांची, जन्मापासून आंधळी. बहिणीनं तिला पेठजवळच्या गावातून आमच्याकडे पंचवटीत शिकायला ठेवलं होतं, आणि शिकता शिकता ही पळायलाच लागली. अंध मुलींच्या शंभर मीटरच्या शर्यतीत प्रत्येकीसोबत एक डोळस धावपटू असतो. वीतभर दोरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. त्यानं ओढायचं नाही, ढकलायचं नाही, फक्त तोंडानं सांगायचं. आणि शेवटची रेघ तिच्याआधी ओलांडायची नाही. ओलांडली तर दोघंही बाद.

आता मला सांगा, हा सव्वीस वर्षांचा धडधाकट गडी. जिल्ह्यात तीन वर्षं पहिला, शंभर मीटर अकरा सेकंदांच्या आत मारणारा. तो रोज पहाटे सायखेड्याहून दुचाकीवर येतो, दुसऱ्याच्या भाचीच्या अर्धं पाऊल मागे पळतो आणि मग अंबडच्या कंपनीत दुसरी पाळी करायला जातो. कशासाठी? विचारलं तर म्हणे, "एकदा एकाचा जोडीदार आला नाय, म्हून मला उभं केलं. तवापासून एकट्यानं पळायला मजाच येत नाय." असं कोण बोलतं? माझा तरी विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मीही मैदानावर हजर. यशोदा, माझी बायको, म्हणाली, "रिटायर झालात ना? आता कुणाची तिकिटं तपासायला निघालात?" मी लक्ष दिलं नाही. तो रोशनीच्या हाताला दोरी अडकवायला किती वेळ घेतो ते मी पाहिलं. त्याला फोन कुणाचे येतात ते कान देऊन ऐकलं. एकदा त्याच्या पिशवीतही हात घातला. सापडली दोन केळी, टॉवेल आणि दोरी शिवायची सुई. माझी निराशाच झाली.

मग एक दिवस घबाड हाती लागलं. स्टॉपवॉच त्याच्याच मोकळ्या हातात असायचं, आणि पळून झालं की तो वेळ मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्या दिवशी मी त्याच्या खांद्यामागे उभा होतो. घड्याळात आकडा होता चौदा पॉइंट एक. तो म्हणाला, "चौदा सहा. अजून लय बाकी हाय, रोशनी." तिचा चेहरा पडला. तशीच पुन्हा पळायला उभी राहिली. पुढे तीन आठवडे मी लक्ष ठेवलं. रोज अर्धा सेकंद जास्त. चोर पकडल्याचा मला जो आनंद झाला, तो आज सांगायची लाज वाटते.

तेव्हाच त्याला जाब विचारायला हवा होता. नाही विचारला. ती गोष्ट मी पोटात ठेवून पुण्यापर्यंत नेली. तिथे राज्याची निवड होती. पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या आणि त्यासाठी रोशनी दोन वर्षं घाम गाळत होती.

शर्यतीच्या तासभर आधी दोघं सावलीत बसली होती. तो काहीतरी बोलला आणि रोशनी खळखळून हसली. आमच्या घरात ती अशी कधी हसली नव्हती. खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं. तो पाणी आणायला गेला तसा मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

"हा तुला रोज खोटी वेळ सांगतो," मी म्हणालो. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

गोरक्ष परत आल्यावर तिनं सरळ विचारलं, "दादा, खरं हाय का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हाय," तो म्हणाला. "खरी वेळ ऐकली की तू शेवटाला ढिली पडतीस. म्हून वाढवून सांगत व्हतो."

"अजून काय काय वाढवून सांगितलंस?"

"दुसरं काय नाय. आईची शपथ."

ती उठून एकटीच अंग मोकळं करायला लागली. मी मात्र खूश होतो. झाला एकदाचा उघडा!

चार जोड्या उभ्या राहिल्या. चारही मुलींच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या. मी शेवटच्या रेघेसमोर जाळीला टेकून उभा होतो. बंदूक वाजली. रोशनी दुसरी होती, तिसरीच्या हातभर पुढे. गोरक्ष ओरडत होता, "सत्तर! ऐंशी! नव्वद!" मग रेघेशी ती हाक आली, जी ऐकली की छाती पुढे झोकून द्यायची असते. "झुक!" बाजूची मुलगी तिच्या जोडीदाराच्या हाकेसरशी झुकली. रोशनी झुकली नाही. ताठ तशीच पळत गेली आणि रेघ मागे पडल्यावर झुकली.

दोन शतांश सेकंदानं ती तिसरी आली.

गवतावर बसून ती कितीतरी वेळ धापा टाकत होती. मग म्हणाली, "दादा, मी हाक ऐकली व्हती. मला वाटलं, हेबी तू वाढवून सांगतोस. रेघ अजून पुढं असंल."

गोरक्षनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तुझी काय चूक नाय," तो तिला म्हणाला. "तवाच झुकली असतीस तरी उपयोग नव्हता. मीच उशिरा वरडलो."

मी रेघेसमोर उभा होतो. त्याची हाक अगदी वेळेवर होती. तो खोटं बोलत होता.

रोशनीनं माझ्या दिशेला तोंड वळवलं. "मामा, तू तिथंच व्हतास ना? उशिरा वरडला का हा?"

"हो," मी म्हणालो. "उशीरच झाला त्याला."

तिनं बोटांतली दोरी काढून गोरक्षच्या हातात दिली. म्हणाली, "मग पुढल्या साली मी दुसऱ्या कुणासंगं पळीन."

गोरक्ष नुसता "बरं" म्हणाला. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि आजवर उघडलेलं नाही.