वाढदिवस घरी नको

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या त्या आठवड्यात माझ्या मुलीनं जाहीर केलं, "आई, औंदा माहा वाढदिवस घरी नाही ठेवायचा. बाहेर ठेवू. हॉटेलात."

तिला जानेवारीत बारावं संपून तेरावं लागणार होतं. मी भाजी चिरत होते. सुरी तशीच थांबवून विचारलं, "काऊन? घराले काय झालं?"

"काही नाही झालं. सगळ्याच मुली बाहेर ठेवतात."

मला राग आला. खामगावात हे घर आम्ही तीनच वर्षांपूर्वी बांधलं. मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन, नवरा जवळच्या खेड्यात हायस्कूलवर शिक्षक. दोघांच्या नोकऱ्या पक्क्या झाल्यावर प्लॉट घेतला, स्लॅब पडला, पुढं ओटा केला. दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाचं मोठं चित्र लावलं. ते चित्र फाटकातूनही दिसतं. या घरात पोरीचे वाढदिवस व्हावेत हे माझं जुनं स्वप्न. आणि ही कालची पोर म्हणते, घरी नको! इंग्रजी शाळेचे थेर, असं मी मोठ्यानं बोलले. दोन दिवस आमचा अबोला. ती शाळेत जाताना डबा उचलायची, पण माझ्याकडं पाहायची नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर मला एक वही सापडली. मी झडती घेत नव्हते, इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले होते. वही उघडीच होती. पानाच्या वर लिहिलं होतं 'बर्थडे', खाली वर्गातल्या मुलींची यादी आणि समोर दोन रकाने. एकावर 'घर', दुसऱ्यावर 'हॉटेल'. हॉटेलच्या रकान्यात सगळ्यांसमोर बरोबरची खूण. घराच्या रकान्यात तीनच खुणा. बाकी सगळ्या फुल्या.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी वही पुढं केली. "हे काय आहे?"

ती चिडली नाही. बॅग खाली ठेवली आणि भूगोलाचं उत्तर सांगावं तसं सांगितलं, "मी सगळ्यांना असंच बोलता बोलता विचारलं. आपल्या घरी ठेवला तं या येत नाही. त्यांच्या मम्म्या पाठवत नाही. हॉटेलात ठेवला तं येतात."

"काऊन पाठवत नाही?"

"तुले माहीत नाही का?" असं म्हणून ती हातपाय धुवायला गेली.

मला माहीत होतं. मी माहीत नसल्यासारखं केलं होतं, एवढंच. आदल्या वर्षी वाढदिवस घरीच ठेवला होता. मी दोन दिवस रजा टाकली. पनीर, पुऱ्या, पुलाव, सगळं स्वतः केलं. चौदा मुलींना बोलावलं, आल्या तीन. बाकीच्यांचे दुपारपासून निरोप सुरू झाले. कुणाला ताप, कुणाकडं पाहुणे, कुणाची ट्यूशन. सहा मुलींना एकाच दिवशी ताप! तेवढी साथ असती तर रजेच्या आधीच माझ्या टेबलावर रक्ताच्या नळ्यांची रांग लागली असती. तरी मी मान डोलावली. "बरं बरं, काळजी घ्या," असंही म्हटलं.

एक मुलगी आली होती फाटकापर्यंत. ती माझ्या मुलीची बेंचवरची मैत्रीण, कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या घरची. तिची आई गाडीतून उतरली, भेट माझ्या हातात दिली आणि फाटकाबाहेरूनच म्हणाली, "थांबत नाही हं, आज हिचा उपास आहे." अकरा वर्षांच्या पोरीचा उपास! पोरगी आईच्या मागून आमच्या फुग्यांकडं बघत होती. गाडी वळली तेव्हा माझी मुलगी ओट्यावर उभी होती. ती तेव्हाच सगळं समजली असणार. मी मात्र आत येऊन उरलेल्या पुऱ्या कुणाकुणाला पाठवायच्या ते ठरवत बसले.

आता ती वही हातात असताना माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवरा शाळेतून आला तसं त्याला सगळं सांगितलं. त्यानं वही पाहिली, मिटली आणि म्हणाला, "जाऊ दे. आपुन काय नवीन पाहून राह्यलो का?"

"नवीन नाही म्हणून जाऊ द्यायचं?"

"मंग काय करतं? घरोघरी जाऊन भांडतं?"

"हाव, भांडतो!" मी म्हटलं. "नाही तं वाढदिवसच कॅन्सल. ज्याईले आपलं घर चालत नाही त्याईले आपला केकही कायले?"

मुलगी दारात येऊन उभी होती. म्हणाली, "आई, मले वाढदिवस पाहिजे. भांडण नाही."

तिचं हे एक वाक्य ऐकून मी तयारीला लागले. पण राग गेला नाही. शेगाव रोडवर एक गार्डन हॉटेल आहे. मागं लॉन, घसरगुंडी, एक उड्या मारायची जाळी आणि वाढदिवसांसाठी वेगळा हॉल. तिथं जाऊन मी दिवस ठरवला, फुग्यांचे रंग ठरवले, पोरींना आवडतं ते सगळं लिहून दिलं, नूडल्स, फ्रेंच फ्राईज, पावभाजी. घरी येऊन आयांच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. दहा मिनिटांत सगळ्या 'येणार'. फुलं, केक, नाचणाऱ्या बाहुल्या, चित्रांचा नुसता पाऊस. आदल्या वर्षी याच ग्रुपवर दोन दिवस कुणी चूं केलं नव्हतं. मी फोन सोफ्यावर फेकला.

मग जिनिंगवालीचा फोन आला. "ताई, बरं केलं हो बाहेर ठेवलं. घरी किती दगदग होते तुम्हाला." आणि लगेच, "जेवण हॉटेलचंच आहे ना? म्हणजे, घरून काही आणणार नाही ना तुम्ही?"

"नाही, हॉटेलचंच," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि स्वतःचाच संताप आला. याच बाईच्या सासूची साखर मी दर महिन्याला तपासते. दंडाला पट्टी बांधते, शीर चाचपते, सुई टोचते. तेव्हा माझा हात चालतो. म्हातारी वर म्हणते, "तुझ्या हातानं दुखत नाही गं." त्याच हातानं केलेलं खाणं मात्र नको. आणि मी काय उत्तर दिलं? तर हॉटेलचंच. जणू मीच तिला हमी देत होते की बाई, घाबरू नका, माझा हात कशाला लागणार नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यातून येताना खवा आणला आणि गुलाबजाम केले. मोठा स्टीलचा डबा भरला. मुलगी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ येऊन बघत राहिली.

"हे आपल्यासाठी आहे ना?"

"तुह्या वाढदिवसाचे आहेत. हॉटेलात नेऊ."

"आई, नको ना." तिनं माझा हात धरला. "नको ना नेऊ. प्लीज."

मी हात सोडवून घेतला. आज लिहिताना तो क्षण मला सगळ्यांत जास्त टोचतो. पण तेव्हा मला तिचा हात दिसतच नव्हता, फोनवरचा तो आवाज तेवढा ऐकू येत होता.

हॉटेलात मॅनेजर डबा पाहून म्हणाला, "मॅडम, बाहेरचं खाणं अलाऊड नाही."

"बाहेरचं नाही हे. घरचं आहे."

"आमच्यासाठी बाहेरचंच झालं ना ते, मॅडम."

मी त्या माणसावर जो आवाज चढवला तो त्या बिचाऱ्याच्या वाट्याचा नव्हता. शेवटी त्यानं हात जोडले आणि वाट्या आणून दिल्या.

मुली आल्या. एकूण एक आल्या. गाड्यांमधून, स्कूट्यांवरून उतरून आया त्यांना सोडून गेल्या. पोरींनी जाळीवर उड्या मारल्या, गाण्यावर नाचल्या, एकमेकींच्या गालाला क्रीम फासलं. माझी मुलगी मधोमध. घरी 'मले, तुले' बोलणारी ती इथं 'मला, तुला' बोलत होती आणि इतकी हसत होती की नवऱ्यानं मला कोपरानं ढोसून म्हटलं, "पाह्य, किती खूश आहे." मी पाहिलं. आनंद व्हायला हवा होता. उलट वाटलं, एवढंच अंतर होतं तर! घर ते हॉटेल. या पोरी अशाच आमच्या ओट्यावर नाचल्या असत्या.

जेवणं झाल्यावर मी स्वतः वाट्या वाटल्या. मोठ्यानं सांगितलं, "हे मी घरी केलेत हं." कुणाला काही फरक पडला नाही. पोरींनी हादडले. जिनिंगवाल्यांच्या पोरीनं तर दोनदा मागून घेतले.

तिसऱ्यांदा घेतले तेव्हा न्यायला आलेली तिची आई हॉलच्या दारात होती. तिचं लक्ष आधी स्टीलच्या डब्याकडं गेलं, मग पोरीच्या वाटीकडं. जवळ येऊन हलकेच म्हणाली, "ठेव ते. तळलेलं चालत नाही तुझ्या घशाला."

"मम्मी, आत्ताच तर फ्रेंच फ्राईज खाल्ले!" पोरगी म्हणाली.

आईनं तिच्या हातातली वाटी काढून टेबलावर ठेवली. मी समोरच उभी होते.

"ताई," मी म्हटलं, "मागच्या वर्षी उपास होता. आज घसा आहे. काय आहे ते नीट सांगा ना एकदा."

"तुम्हाला काय म्हणायचंय?"

"माह्या घरचं आहे म्हणून वाटी ठेवली. तसं म्हणा. मले ऐकू येते."

ती लालबुंद झाली. "आम्ही असलं काही पाळत नाही हो! आमच्या घरी सगळे येतात."

"सगळे येतात. तुमी कोनाच्या घरी जाता?"

तिनं टेबलावरची वाटी आणखी लांब सरकवली. दोन-तीन आया मागं येऊन थांबल्या होत्या. गाणं तेवढं वाजत राहिलं. शेवटी ती म्हणाली, "आज लेकराचा वाढदिवस आहे. हे काय काढलं तुम्ही?" आणि पोरीला हाताला धरून निघून गेली.

तिचं ते शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला. मुलगी भिंतीपाशी उभी राहून एकेकीला 'बाय' म्हणत होती. जाताना ती माझ्या स्कूटीवर बसली नाही, बापाच्या मागं बसली. घरी आल्यावर तिनं भेटवस्तूंची पिशवी कोपऱ्यात टाकली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मले सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "तुह्या आधी माहीत होतं. मी जमवून आणलं होतं सगळं. तू मोडलं."

"बेटा, त्याईनं तुह्या आईचं..."

"तुह्यासाठी नव्हताच वाढदिवस!" ती ओरडली. "माहा होता!"

मी तिची माफी मागितली. तिची एकटीची. त्या आयांपैकी कुणाची मागितली नाही, मागणारही नाही. पण माफी मागतानाही आतून जळतच होते. बारा वर्षांच्या पोरीला कुणी कुठं येईल, कुठं येणार नाही याचे रकाने पाडता येतात, हसून जमवून घेता येतं. हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही. मी तिला चित्रकला लावली, पोहायला पाठवलं. हे ती आपलं आपण शिकली, शाळेच्या बेंचवर बसून.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'कृपया इथे फक्त मुलांच्या अभ्यासाविषयीच बोलावे.' त्या भांडणाबद्दल मी तर तिथं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मी ग्रुप सोडला. बेंचवरची मैत्रीण आठ दिवस दुसरीकडं बसली, मग परत आली. पण मार्चमध्ये तिच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं नाही. माझ्या मुलीला ते दुसरीच्या फोनवरच्या फोटोंतून कळलं. "मले वाटलंच होतं," एवढं म्हणून ती गणितं सोडवायला बसली.

त्याच दिवसांत एक फोन आला. वर्गातल्याच एका मुलीची आई, शेतकरी घरातली, मुलांच्या शाळेसाठी खामगावात खोली करून राहणारी. त्या दिवशी हॉलमध्ये मागं थांबलेल्या बायांत तीही होती. म्हणाली, "ताई, पोरगी डोकं खाऊन राह्यली. तुमी गुलाबजाम कसे केले ते सांगा ना."

मला वाटलं, ही चिडवते आहे. मी म्हटलं, "बाजारात पाकिटं भेटतात, घ्या," आणि फोन कापला.

मुलगी शेजारीच होती. "आई, ती काकू चांगली आहे," ती म्हणाली. "तू काऊन बोलली तशी?"

चार दिवस मी टाळलं. मग फोन केला, चुकलं म्हणाले. ती हसली. "तुमी रागात असान, हे समजत होतं मले. त्या दिवशी मीही तोंड उघडलं नाही, तेवढं चुकलंच माहं." मी तिला रविवारी घरी बोलावलं.

रविवारी ती पोरीला घेऊन आली. पोरी गच्चीवर पळाल्या. ती सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली. खवा किती मळायचा, पाक कसा ओळखायचा, मी सगळं सांगितलं. मग चहा टाकला. कप तिच्यापुढं ठेवला आणि बोलता बोलता माझं लक्ष त्या कपावरून हलेना. उचलते का? ओठाला लावते का? की थंड होईपर्यंत तसाच ठेवते? तिनं उचलला, प्यायली, आणखी थोडा मागितला. तिनं मला पाहताना पाहिलंही असावं, कारण दुसरा कप तिनं माझ्याकडं बघतच संपवला.

ती गेल्यावर नवरा म्हणाला, "पाह्य, आली ना घरी. आता तरी शांत हो."

मी शांत झाले नाही. बाई भली आहे, मला आवडते, तिच्या घरी मी आता जातेही. पण माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात, पाहुणीनं चहा प्यायला हे मला डोळ्यांत तेल घालून बघावं लागलं. आणि तिनं तो प्यायल्यावर मला बरं वाटलं. एक कप चहा प्यायल्याबद्दल मी कुणाचे तरी उपकार मानले. त्या बरं वाटण्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.