बेलार्मिनोची टोपली

झुल्मिरा गुत्त्यात शिरली तेव्हा आतल्या पुरुषांच्या माना वळल्या. आमच्या गावात बाई गुत्त्यात जाते ती नवऱ्याला ओढून आणायला, आणि झुल्मिराचा नवरा तर दोन हिवाळ्यांपूर्वीच गेलेला. काळ्या शालीत ती सरळ दिरासमोर जाऊन उभी राहिली. मी दारातच थांबले. मला ऐकायचं होतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

"भावजी, आपलं सामायिक रान विकायला काढलंत म्हणे?"

लुद्जेरोने भाजलेल्या चेस्टनटचं साल सावकाश सोललं. "लिस्बनच्या दंतवैद्याला समुद्रासमोर बंगला बांधायचाय, वहिनी. दोघांचंही भलं होईल. त्या वाळूत आता उरलंय काय?"

"रामिस्को आहे."

"म्हाताऱ्या वेली आहेत. नव्या लावायला खणणार कोण? जो तो लिस्बनला गवंडीकामाला पळाला. आणि तो चर..." त्याने हातातलं साल मोडलं. "तो चर माझ्या भावाला खाऊन बसलाय."

"मी खणते."

गुत्ता फुटला हसून. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "झुल्मिरा, एवढी खाली जातेसच तर पार पृथ्वीपलीकडे निघ, आणि येताना चीनचा चहा घेऊन ये!"

लुद्जेरोलाही जोर चढला. सगळ्यांकडे बघत तो म्हणाला, "ठीक आहे. फेब्रुवारीत संत ब्राशचा सण येतो, तोपर्यंत त्या चरात एका तरी वेलीचं मूळ चिकणमातीला लावून दाखवा. मग मीच दंतवैद्याला नाही म्हणतो. नाही जमलं तर विक्रीच्या कागदावर गुमान सही करायची."

"सगळ्यांनी ऐकलंय हं," ती म्हणाली आणि वळली. जाताना दिरासमोरचे चार चेस्टनट उचलून घेऊन गेली.

आमची रामिस्को, म्हणजे इथली द्राक्षवेल, वाळूत उभी असते, पण जगते वाळूखालच्या चिकणमातीवर. तिथवर मूळ पोचवायचं तर आधी दोन-तीन पुरुष खोल चर खणावा लागतो. समुद्रकाठची वाळू, तिचा काय भरवसा? म्हणून खणणारा डोक्यावर वेताची टोपली पालथी घालतो. कडा ढासळली तर टोपलीत अडकलेल्या हवेवर माणूस तग धरतो, तोवर वरचे त्याला उकरून काढतात. बेलार्मिनो जन्मभर टोपली घालून खणत आला. एकदाच, घाम पुसायला, त्याने ती काढून बाजूला ठेवली होती.

तीच टोपली झुल्मिराने डोक्यावर घातली आणि नवऱ्याच्या चरात उतरली.

आता हे ऐका. पुरुषांनी खणायचं आणि बायकांनी वाळू वर वाहायची, ही आमच्याकडची जुनी वाटणी. बाई चरात उतरली तर द्राक्षं आंबट होतात म्हणे. रामिस्कोची वाइन तशीही पहिली काही वर्षं इतकी तुरट लागते की तोंड आवळून येतं, मग त्याचं पाप कुणाच्या माथी मारायचं? पण चार म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला, आणि तिच्यासाठी वाळू वाहायला आम्ही चौघीच उरलो. मी गेले ते काही प्रेमापोटी नाही. गुत्त्यातलं ते हसणं माझ्या डोक्यात गेलं होतं.

हिवाळाभर ती खणत होती आणि आम्ही ओढत होतो. वाऱ्याने वेताची कुंपणं मोडत, वाळू दातात करकरे, दुपारी मक्याची भाकरी कोबीच्या सूपमध्ये बुडवली तरी तीच करकर. चर खोल झाला तशी झुल्मिरा दिसेनाशी झाली. वरून नुसती टोपली हलताना दिसायची.

लुद्जेरो रोज यायचा. कडेच्या जवळ मात्र कधीच नाही. कुंपणापाशी उभा राहून तिथूनच हाक मारायचा.

"वहिनी, लागली का चिकणमाती?"

"लागली की बोलावते, भावजी. तुम्हालाच लिंपायचीय तोंडावर!"

"अहो, सोडा आता. हात बघा स्वतःचे."

"हातांचं मी बघते. तुम्ही दंतवैद्याकडे जाऊन जिभेचं काही होतं का ते बघा."

आम्ही हसायचो. तो हसायचा नाही. तो निघूनही जायचा नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सणाच्या आदल्या दिवशी तिच्या कुदळीला ओलसर काहीतरी लागलं. "आली!" असा खालून तिचा आवाज आला, की मला तसा भास झाला, देव जाणे. कारण त्याच क्षणी समुद्राकडची कडा सुटली. आवाज असा झालाच नाही. नुसतं खसखसलं, आणि टोपली दिसत होती तिथे सपाट वाळू दिसायला लागली.

आम्ही किंचाळलो.  आणि मला ढकलून कुणीतरी खाली उडी घेतली. लुद्जेरो! उघड्या डोक्याने, दोन्ही हातांनी तो वाळू उकरत होता आणि ओरडत होता, "बेलार्मिनो! बेलार्मिनो!" भावाचं नाव घेत होता तो. मग आम्हीही उतरलो, चौघीही, टोपल्यांनी वाळू उपसत. खड्डा करावा तर वाळू परत आत यायची. तो थांबला नाही. नखं फाटली, बोटांतून रक्त आलं, तरी नाही.

आधी टोपलीचा तळ लागला. मग खांदे. टोपली उचलली तसा झुल्मिराने मोठा श्वास घेतला आणि खोकत, थुंकत डोळे उघडले. समोर दीर, केसांत वाळू, गालांवर पाणी.

"भावजी," ती म्हणाली, "उघड्या डोक्यानं चरात उतरलात? लाज नाही वाटत? एकाचं मरण बघून पोट भरलं नाही का माझं?"

 लुद्जेरो लहान पोरासारखा रडायला लागला.

आम्ही तिला कमरेपर्यंत मोकळी केली. वर घ्यायला हात पुढे केले, तर ती हात देईना.

"पायाखाली थंड काय लागतंय ते बघा आधी," ती दिराला म्हणाली.

त्याने तिच्या पायापाशी हात घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत करडी, चिकट माती होती.

"चिकणमाती," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. गुत्त्यात बोललात तसं."

"चिकणमाती आहे, वहिनी!"

"मग बघत काय बसलात, बायांनो? वेल द्या खाली."

मी ओल्या पोत्यात गुंडाळलेली काडी आणून दिली. झुल्मिराने ती लुद्जेरोच्या हातात ठेवली. रक्ताळलेल्या बोटांनी त्याने ती चिकणमातीत रोवली आणि भोवतीची माती दाबली. बराच वेळ दाबत राहिला.

"झालं?" झुल्मिराने विचारलं.

"झालं."

"मग वर जा आणि टोपली शोधा. उद्यापासून दुसरा चर धरायचाय, आणि उघड्या डोक्याचा माणूस मला माझ्या रानात चालायचा नाही."

लुद्जेरो वर चढला आणि खरोखरच इकडेतिकडे टोपली शोधायला लागला. मी माझी दिली.