निळी धार आणि तिन्हीसांजेचे दिवे

माझी नोकरीची सगळी वर्षं बॉयलर तपासण्यात गेली. घाबरण्याचाच मला पगार मिळत होता म्हणा ना, आणि तो मी इमानेइतबारे घाबरून कमावला. बायको म्हणते, निवृत्त झाल्यापासून तीच नोकरी मी घरी चालवतो. ओकव्हिलच्या आमच्या घरात कुणी मेणबत्ती लावली की ती पडद्यापासून किती लांब आहे हे मी उठून बघतो. आणि माझी एकुलती एक मुलगी सॉफ्टवेअरमधली चांगली नोकरी सोडून हॅलिफॅक्सला बारटेंडर झाली! आमच्या घरात दारूला कुणी शिवलेलं नाही, तरी ते मी कसंबसं गिळलं. पण तिला आगीशी खेळायचं होतं.

तिला वेड लागलं होतं दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन बारटेंडरचं. फोनवर ती त्याच्याबद्दल असं बोलायची की जणू तो आमच्या नात्यातलाच. ती सांगायची, सुरुवातीला कॉकटेल म्हणजे नुसती दारू, साखर, पाणी आणि कडू अर्काचे थेंब. लोक ते सकाळी उठून घ्यायचे.

"सकाळी?" मी विचारलं.

"बाबा, इट वॉज लाइक मेडिसिन!"

मग तळ्यांवरचा बर्फ हिवाळ्यात कापून, भुशात जपून, उन्हाळ्यात पेल्यात पडायला लागला आणि या धंद्याला रंग चढला. हा माणूस स्वतःची चांदीची भांडी घेऊन गावोगाव फिरला. बाकीचे आपापल्या कृती जिवापाड लपवत, यानं त्या सरळ पुस्तकात छापून टाकल्या. इथपर्यंत मलाही तो आवडला होता. पण त्याचा सगळ्यात गाजलेला खेळ भलताच होता. गरम पाणी घातलेली व्हिस्की पेटवायची आणि ती जळती धार एका मगातून दुसऱ्या मगात ओतायची, हातभर उंचीवरून, पुन्हा पुन्हा.

ती महिनाभर पाण्यानं सराव करत होती. डिसेंबरात एका शनिवारी, जुन्या अमेरिकन पेयांच्या कार्यक्रमात, लोकांसमोर हे खरोखरीच्या आगीनं करायचं ठरलं. बायकोचा गुडघा धरलेला, म्हणून मी एकटाच विमानात बसलो. मी कौतुक करायला चाललोय असं मुलीला वाटलं. खरं म्हणजे रात्रंदिवस मला तिचे हात भाजलेले दिसत होते आणि घरी बसवत नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी बार उघडण्याआधी तालीम होती. आत आम्ही दोघंच. तिनं केस घट्ट बांधले, ओला टॉवेल जवळ ठेवला, मगांवर घालायची झाकणं मांडली. मी आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचली. नाव ठेवायला कुठे जागा सापडेना, तशी माझी भीती आणखी वाढली.

"बाबा, तिकडे भिंतीपाशी उभे राहा. आणि प्लीज, डोन्ट टॉक टू मी."

तिनं दिवे घालवले. ही ज्वाला उजेडात दिसत नाही, म्हणून अंधार लागतो, असं काहीतरी ती सांगत होती. माझं लक्ष तिच्या बोटांकडे होतं.

साडेचार वाजले होते आणि बाहेर अंधारून आलं होतं. पहिल्यांदा तिनं धार सोडली तेव्हा निळी रेघ एका मगातून दुसऱ्यात उतरली. सुंदर होती, हे मी नाकारत नाही. दुसऱ्यांदा ती आणखी लांब झाली. तिसऱ्यांदा मगातून भपकन ज्वाळा उठली आणि तिचा चेहरा हनुवटीपासून निळा झाला. आमच्याकडे तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवत नाहीत. देवापुढे दिवा लागतो आणि पाठोपाठ घरातले सगळे. पन्नास वर्षं या देशात राहून हे सुटलेलं नाही.

"दिवेलागणीला कसला अंधार करून बसलीस!" असं मी मोठ्यानं म्हणालो आणि भिंतीवरची सगळी बटणं दाबली.

लख्ख उजेड पडला आणि आग नाहीशी झाली. निदान मला तसं वाटलं. ती दचकली, धार चुकली आणि खालच्या मगाऐवजी तो धरलेल्या डाव्या हातावर पडली. हातावर नुसतं पाणी सांडल्यासारखं दिसत होतं. मग केस जळल्याचा वास आला आणि ती ओरडली.

तरी तिनं मग फेकले नाहीत. ते खाली ठेवले, दोन्हींवर झाकणं घातली आणि हात ओल्या टॉवेलात गुंडाळला.

"बाबा, लाइट्स ऑफ! कुठे जळतंय ते मला दिसत नाहीये!"

मला एक बटण धड दाबता येईना. अखेर अंधार झाला, तेव्हा तिच्या बाहीवर कोपराच्या दिशेनं निळी कड सरकताना दिसली. ती तिनंच टॉवेल दाबून विझवली. मी भिंतीपाशीच होतो. माझे पाय हललेच नाहीत.

नळाखाली हात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग आम्ही टॅक्सीनं दवाखान्यात गेलो. बोटं सगळी हलतात, डाग मात्र राहील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. टॅक्सीत आणि दवाखान्यात मुलगी मला एका शब्दानंही बोलली नाही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिच्या घरी आल्यावर तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. बँडेज लपण्यासारखं नव्हतं. "हात सटकला गं, माय मिस्टेक," ती म्हणाली. बायको रडली, मग तिनं मुलीला फैलावर घेतलं. धांदरटपणा, हट्ट, आईबापांच्या जिवाला घोर, सगळं काढलं. शेवटी म्हणाली, "नशीब, बाबा तिथे होते."

मुलगी "हो आई" म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. फोन माझ्या हातात आला, बायकोनं विचारलं, "तुम्ही जेवलात का?" आणि मी म्हणालो, "हो, जेवलो."